दावणीवरचा उजेड

चाकणच्या महात्मा फुले बाजारात शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैल घ्यायला आलेला जाणता शेतकरी झाडाच्या सावलीत बघून सौदा करत नाही. जनावर उघड्यावर आणायला लावतो, जबडा उघडून दात पाहतो, कातडीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून खूर कसा पडतो ते बघतो. बैल चार दाती आहे की जुळलेला, अंगावरचा तजेला खुराकाचा आहे की तेल चोळून आणलेला, पुढचा पाय दुखरा आहे का, हे उन्हात कळतं आणि मग भाव ठरतो. जनावर पाहण्याची ही रीत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. शेतातल्या जनावरांच्या छायाचित्रणाविषयी मला जे म्हणायचं आहे, त्याचा पाया तीच आहे. उजेड हा जनावराविषयीच्या माहितीचाच एक भाग आहे. ज्या उजेडात जनावर जगतं, राबतं, दूध देतं, त्यात काढलेलं छायाचित्र त्याच्याविषयी आणि त्याच्या जागेविषयी जे सांगतं, ते दिव्यांच्या झोतात काढलेलं सांगू शकत नाही. प्रस्तुत पुस्तक पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात आजही दावणीला असलेल्या जनावरांचं आहे, आणि त्यातलं प्रत्येक छायाचित्र नैसर्गिक उजेडातलं आहे.

या विषयाकडे नव्यानं वळणाऱ्यानं त्याचा थोडा इतिहास डोळ्यांखालून घालावा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना इतका वेळ उजेड लागे की जनावरानं शेपूट हलवली तरी काचेवर धुरकट पट्टा उमटे. त्यामुळे बसलेली, रवंथ करणारी गुरंच चित्रात नीट येत. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ एक क्षण टिपले, तेव्हाही त्याची खरी झुंज उजेडाशीच होती. धावपट्टी पांढरी केली, समोर पांढरी भिंत उभारली आणि भर उन्हात काम केलं, तेव्हा कुठे काचेला पुरेसा उजेड मिळाला. पुढे फिलाडेल्फियात केलेल्या कामातून १८८७ मध्ये ‘ॲनिमल लोकोमोशन’ हा ७८१ चित्रफलकांचा संग्रह निघाला. त्यात घोड्यांबरोबर बैल, शेळ्या आणि डुकरंही आहेत. शेतातल्या जनावराची चाल माणसाला पहिल्यांदा नीट दिसली ती अशी सूर्याच्या भरवशावर.

आपल्याकडे त्याच सुमाराला गाईची प्रतिमा वेगळ्या वाटेनं घराघरांत पोचत होती. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये मावळात मळवलीला आला. पिंपरीहून लोकलनं तासाभराच्या अंतरावर. या छापखान्याची, अंगात चौऱ्याऐंशी देवता असलेली गाय देशभर भिंतींवर गेली. ती गाय बाजूनं दिसते, आणि सगळ्या अंगावर सारखाच उजेड असतो. पुढे पशुसंवर्धनाच्या नोंदींसाठी जनावरांची छायाचित्रं काढली जाऊ लागली तेव्हा त्यांचा साचाही याच्या फार जवळचा होता: जनावर कॅमेऱ्याला आडवं, पुढचे पाय किंचित उंच जमिनीवर, मागचे पुढेमागे ठेवलेले म्हणजे चारही दिसावेत आणि कास झाकू नये, कॅमेरा पोटाच्या उंचीला, सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी. एकीत देवत्व दाखवायचं होतं, दुसऱ्यात वशिंड, पोळी आणि कासेची ठेवण. दोन्हींत सावलीला मज्जाव होता, आणि सावलीबरोबर गोठा, माणूस आणि गावही चौकटीबाहेर गेलं.

या नोंदीच्या परंपरेला मी कमी लेखत नाही. १९८४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो स्थापन झाला आणि देशी जातींच्या नोंदणीला शिस्त आली. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या गाईबैलांत काय फरक आहे, पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्यामागे कुठवर जातात, हे दाखवायला आडव्या उभ्या जनावराच्या स्वच्छ छायाचित्रासारखं साधन नाही. पण ते जातीचं छायाचित्र असतं. त्या एका गाईचं नसतं. दुसरी परंपरा देखाव्याची. कॅमेरा क्लबांच्या स्पर्धांत आणि दिनदर्शिकांत वर्षानुवर्षं बक्षीस घेणारं चित्र ठरलेलं आहे: धुळीतून परतणारी मेंढरं, मागून येणारे सोनेरी किरण, काठी घेतलेला धनगर. त्यातली काही चित्रं फार सुंदर आहेत. तरीही त्यांत मेंढी हा धूळ उडवण्यापुरता निमित्ताचा भाग असतो, आणि कळप कुठून आला, कुठे चालला, हे त्या उजेडात विरघळून जातं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणाऱ्या आणि पावसाआधी परतणाऱ्या कळपांना आता वाटेत कुंपणं, गोदामं आणि सहापदरी रस्ते लागतात. त्या चित्रांत यातलं काहीच येत नाही.

तिसरी परंपरा साक्षीची, आणि हे पुस्तक स्वतःला तिच्या जवळ मानतं. इंग्लंडमध्ये जेम्स रॅव्हिलिअस यांनी १९७२ पासून सुमारे सतरा वर्षं उत्तर डेव्हन या एकाच शेतकरी मुलुखाचं छायाचित्रण केलं. मेंढ्या, गाई, कोंबड्या, बर्फात चारा नेणारा माणूस, सगळं आहे त्या उजेडात. समोरून येणाऱ्या उन्हात काम करायला त्यांना आवडे, आणि काळं-पांढरं फार तुटक होऊ नये म्हणून ते लेप नसलेली जुनी भिंगं वापरत. फ्रान्सच्या यान आर्थुस-बेरत्राँ यांनी १९९० च्या दशकात नेमका उलटा मार्ग धरला: बक्षीसपात्र जनावर आणि त्याचा धनी ताडपत्रीच्या पडद्यासमोर, दिव्यांच्या उजेडात. जनावराला माणसाइतकाच व्यक्तिचित्राचा मान मिळाला हे त्यांचं मोठं काम. पण जागा पुसली गेली. अलीकडे इसा लेश्को यांनी ‘अलाउड टू ग्रो ओल्ड’ या २०१९ च्या पुस्तकात म्हाताऱ्या झालेल्या शेतजनावरांची व्यक्तिचित्रं काढली, जमिनीवर बसून, जनावराच्या डोळ्याच्या पातळीवर, खिडकी-दारातून येणाऱ्या उजेडात. जो-ॲन मॅकआर्थर यांच्यासारखे छायाचित्रकार बंदिस्त पशुपालनातली वेदना दाखवतात, तिथे अंधार हाच पुरावा असतो. या सगळ्यांत माझा कल रॅव्हिलिअसकडे आहे, कारण त्यांनी एकच मुलूख वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि उजेडाला त्या मुलखाची भाषा बोलू दिली.

आणखी एक परंपरा आहे, जिला कुणी परंपरा म्हणत नाही, पण आज सर्वाधिक छायाचित्रं तिच्यातच निघतात: व्यवहाराची. कानातला पिवळा बारा अंकी बिल्ला दिसेल असा विम्यासाठीचा फोटो. ‘दुसरं वेत, सात महिन्यांची गाभण’ असं लिहून मोबाइलवर फिरवलेला विक्रीचा फोटो. शर्यतीच्या घाटात बारी मारणाऱ्या बैलाचा, गुलालात माखलेला फोटो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला, राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा व्यवहार या फोटोंवर आणखी विसंबला. त्यांतला उजेड बहुतेक वेळा वाईट असतो. पण तो खरा असतो, आणि ज्याचा पैसा अडकलेला आहे त्याच्या नजरेनं पाहिलेला असतो. नव्या छायाचित्रकारानं या फोटोंकडे नाक मुरडू नये. गाईची कास, खूर आणि डोळा या तीन गोष्टी चौकटीत आल्याच पाहिजेत, हे त्या फोटो काढणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हा पट्टाच का, असा प्रश्न साहजिक आहे. पिंपरीत कारखान्यांच्या आधी लष्कराचा डेअरी फार्म होता. त्या भागाला आजही ‘डेअरी फार्म’च म्हणतात. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणची पाळी नंतरची: बजाजचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. याच काळात दावणीवरचं जनावरही बदललं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली, तिथून संकरीकरणाचा प्रसार झाला, आणि पांढऱ्या खिल्लारी बैलाच्या जागी काळी-पांढरी होल्स्टीन आणि तांबूस जर्सी दिसू लागली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या देशी गोवंशात २०१२ च्या तुलनेत ६ टक्के घट आणि संकरित-विदेशी गोवंशात सुमारे २७ टक्के वाढ नोंदली गेली. म्हणजे कारखाना आला आणि जनावर गेलं, अशी सरळ गोष्ट नाही. नांगराचा बैल गेला, दुधाची संकरित गाय आली, आणि शर्यतीचा बैल तर नव्या मानानं परतला. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खेड-मावळातले घाट पुन्हा भरले. भाद्रपदातला पोळा आणि जेठात देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांच्या रथाची मानाची बैलजोडी, हे तर कारखान्यातून सुटी काढून पाहायचे सोहळे आहेत. इथलं जनावर इतिहासजमा झालेलं नाही. त्याचा पत्ता मात्र बदलत राहतो, आणि म्हणून त्याची नोंद निकडीची आहे.

तो पत्ता उजेडात वाचता येतो. चाकण सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. गाईची सावली तिच्याच पोटाखाली गोळा होते, पाठ जळून पांढरी दिसते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरच्या अखेरीस त्याच वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, म्हणून हिवाळ्यातली दुपार कामाची असते. उन्हाळ्यात तो कोन सकाळी साडेनऊच्या आसपास मिळतो. जून ते सप्टेंबर ढगांचा पडदा असतो आणि काळ्या म्हशीचं अंग पहिल्यांदा अंगासारखं दिसतं. कोरड्या उन्हात म्हशीच्या ओल्या कातडीवर आभाळ चकाकतं आणि काळ्या रंगाऐवजी कॅमेऱ्याला नुसती चमक मिळते.

जनावराचा रंग हा तर या कामातला खरा गुरू. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून चालतं. त्यामुळे त्याच्यावर सोडलं तर पांढरा खिल्लार मळकट होतो आणि काळी म्हैस राखेत लोळल्यासारखी उजळते. खिल्लारासाठी उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो, म्हशीसाठी कमी करावा लागतो. होल्स्टीन आणि डांगी यांच्या अंगावर तर दोन्ही रंग शेजारी-शेजारी, तेव्हा उन्हात दोन्ही सांभाळणं अशक्य. पांढऱ्यातला केस न् केस राखावा आणि काळा खाली जाऊ द्यावा. यावर दिवे लावणं हा उपाय वाटतो, पण गाईच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळा हिरवट चमकतो आणि नजर हरवते. शिवाय गुरांना डोळे बाजूला असल्यानं जवळपास चौफेर दिसतं. लख्ख उघडझाप त्यांना बिथरवते. धारेच्या वेळी बिथरलेली गाय पान्हा चोरते, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. सगळ्यात चांगली जागा गोठ्याच्या दाराशी, उंबऱ्याच्या हातभर आत: एका बाजूनं येणारा मऊ उजेड, डोळ्यात दाराचं छोटं चौकोनी प्रतिबिंब, आणि मागे गव्हाणीचा अंधार.

आता या पट्ट्यातला गोठा बघा. कौलं गेली, पत्रे आले. त्यातले पुष्कळ निळे, कारखान्याच्या शेडवर असतात तसे. मध्ये एखादा पांढरट फायबरचा पत्रा, उजेडासाठी. त्याखाली उभी असलेली पांढरी गाय मानेपासून वशिंडापर्यंत निळसर दिसते आणि फायबरखालचा तिचा पाठीचा पट्टा दुधासारखा उजळतो. शेजारच्या गोदामाची उंच भिंत उन्हात तापलेली असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड गाईच्या पोटाखालची सावली उचलतो. संगणकावर हा निळा रंग एका हालचालीत काढून टाकता येतो. या पुस्तकात तो काढलेला नाही, कारण त्या निळ्या झाकेत गोठ्याचा सारा अलीकडचा इतिहास आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नैसर्गिक उजेड तरी कुठे निरागस असतो? पहाटेची आणि संध्याकाळची सोनेरी वेळ निवडणं ही देखील सजावटच, आणि तिनं दारिद्र्य, आजार आणि कष्ट यांवर गोड लेप चढतो. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच नैसर्गिक उजेड म्हणजे सोनेरी उजेड ही समजूत मोडायला हवी असं मी म्हणतो. जनावर चोवीस तास जगतं. दुपारचं टोकदार ऊन, ढगाळ सकाळचा निस्तेज सपाटपणा, रस्त्यावरच्या धुळीनं फिकट झालेली तिन्हीसांज, हे सगळे नैसर्गिकच उजेड आहेत. छायाचित्रकलेची पुस्तकं बारा ते तीन कॅमेरा पिशवीत ठेवा असं सांगतात. मे महिन्यात चाकणच्या मोकळ्या पत्र्याखाली धापा टाकणारी, जीभ काढलेली संकरित गाय बारा ते तीनमध्येच दिसते. थंड मुलखातलं रक्त अंगात असलेल्या जनावराला हे ऊन किती जड जातं, ते सांगायला तोच कठोर उजेड हवा. कॅमेरा पिशवीत ठेवला तर ती गाय कधीच दिसणार नाही.

दुसरा आक्षेप तंत्राचा. आता मोबाइल स्वतःच सावल्या उजळतो, पार्श्वभूमी धूसर करतो. मग उजेडाची एवढी चिकित्सा कशाला? चिकित्सा करायची ती नेमकी याच कारणासाठी. हे यंत्र माणसांच्या चेहऱ्यांवर पोसलेलं आहे. ते शिंगाचं टोक धूसर करून टाकतं, कानाची लव पुसतं, म्हशीची काळी कातडी उजळून चिखलाच्या रंगाची करतं. विकत घेणाऱ्याला हा फोटो फसवतो आणि इतिहासालाही. मोबाइल वापरू नये असं मी म्हणत नाही. इथली बहुतेक कुटुंबं त्यानंच फोटो काढतात आणि काढत राहावीत. त्याची आपोआप होणारी दुरुस्ती शक्य तिथे बंद करावी आणि जनावर दाराशी आणावं, एवढ्यानं पुष्कळ साधतं.

तिसरा आक्षेप मला सर्वात जिव्हारी लागतो: जमिनी गेल्या, चारा महागला, दुधाला दर नाही, आणि तुम्ही फोटो काढता. छायाचित्रानं दुधाचा दर वाढत नाही, हे उघड आहे. पण विकास आराखड्याच्या नकाशावर गोठा नसतो. तिथे निवासी क्षेत्र असतं, औद्योगिक क्षेत्र असतं, रस्त्याची रुंदी असते. कारखान्याच्या भिंतीला टेकून दोन म्हशी आणि एक कालवड पाळणारं घर कोणत्याही कागदावर जनावरासकट दिसत नाही. तारीख, वेळ आणि गाव लिहिलेलं छायाचित्र निदान एवढं सिद्ध करतं की त्या दिवशी इथे दावण होती, जनावर धड होतं आणि त्याच्यावर ऊन कुठून पडत होतं. शेजारी इमारत उठली की तेच ऊन अडतं, गोठा ओला राहतो, खुरांचे आणि कासेचे आजार वाढतात. उजेड हा गोठ्याच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, आणि तो छायाचित्रात मोजता येण्याइतका स्पष्ट दिसतो.

म्हणून या पुस्तकाची रचना जातींवार किंवा गावांवार केलेली नाही; ती उजेडाच्या जागांवरून केली आहे. उघडं रान, गोठ्याचं दार, पत्र्याखालचा अंधार, बाजाराचं मैदान, शर्यतीचा घाट, पालखीचा रस्ता. काही चित्रं मुद्दाम कठोर ठेवली आहेत आणि काही वाचकांना ती बिघडलेली वाटतील. डुकरं आणि कोंबड्या कमी आहेत, ही खरी उणीव आहे. बंदिस्त कुक्कुटपालनातला उजेड हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे आणि तो कुणीतरी हाती घ्यायला हवा. प्रत्येक चित्राखाली महिना, दिवसाची वेळ, आभाळाची स्थिती, जनावराची जात आणि वेत किंवा दात दिले आहेत. धन्याचं नाव आणि घराचा ठावठिकाणा दिलेला नाही, कारण जमिनीचे वाद चालू असलेल्या भागात तो उघड करणं धोक्याचं ठरू शकतं. शिकणाऱ्यानं या ओळी आधी वाचाव्यात, मग चित्र पाहावं, आणि आपल्या ओळखीच्या एका गोठ्यात तेच जनावर चार ऋतूंत, निदान एकदा भर दुपारी, टिपून पाहावं. त्यासाठी धन्याची परवानगी घ्यावी, धारेची वेळ टाळावी, आणि छापलेली एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी.